सुमुरगेनेंग: जमिनीला चांगला भाव मिळालेल्या एका गावाचे प्रकरण

फेब्रुवारी 2021 मध्ये इंडोनेशियात मोबाइलवर एक चित्रफीत फिरत होती. नव्याकोऱ्या मोटारी लादलेले ट्रक एकामागून एक एका खेड्यात शिरताहेत आणि गावकरी रस्त्याच्या कडेला उभे राहून बघताहेत. हे गाव म्हणजे पूर्व जावातल्या तुबान जिल्ह्याच्या जेनू तालुक्यातले सुमुरगेनेंग. गावप्रमुखाने पत्रकारांना हिशेब दिला तो असा: गावात साधारण 840 कुटुंबे, त्यांतल्या 225 कुटुंबांनी तेलशुद्धीकरण प्रकल्पाला जमीन विकली आणि गावात 176 नव्या मोटारी आल्या. दर चौरस मीटरला 6 ते 8 लाख रुपिया (रुपिया हे इंडोनेशियाचे चलन). इंडोनेशियातल्या वर्तमानपत्रांनी लगेच 'अब्जाधीशांचे गाव' अशी पाटी लावली आणि सगळा देश थोडा हेव्याने, थोडा चेष्टेने तिकडे पाहू लागला.

वर्षही सरले नाही तोच, जानेवारी 2022 मध्ये, याच गावातले आणि आसपासच्या पाच गावांतले लोक प्रकल्पाच्या दारात मोर्चा घेऊन उभे होते. नोकऱ्या द्या, ही मागणी होती. पैसे संपत आलेत, रोजच्या खर्चासाठी गुरे विकतोय, असे काहींनी पत्रकारांना सांगितले. झाले, 'बघा, शेतकऱ्याच्या हातात पैसा टिकत नाही' म्हणणाऱ्यांना आयते कोलीत मिळाले.

या निष्कर्षाशी मी सहमत नाही. मोटारी हा या प्रकरणातला सगळ्यात किरकोळ भाग आहे. भावही वाईट नव्हता, उलट बराच सढळ होता. गफलत झाली ती मोबदला कोणत्या रूपात दिला आणि कोणाच्या हातात दिला, या दोन ठिकाणी.

आधी गाव कसे चालत होते

तुबान जावाच्या उत्तर किनाऱ्यावर आहे, सुराबायापासून सुमारे शंभर किलोमीटर. डच गव्हर्नर-जनरल डेंडल्सने 1808 मध्ये रयतेला वेठीला धरून जो टपालरस्ता बांधायला घेतला, तो या भागातूनच गेला. आजचा किनारी महामार्ग बराचसा त्याच वाटेने जातो. मागे चुनखडीचे डोंगर, म्हणून जिल्ह्यात सिमेंटचे मोठे कारखाने. जेनू तालुक्यातच किनाऱ्याला एक पेट्रोकेमिकल कारखाना आणि तांजुंग अवार-अवारचे कोळशावरचे वीजकेंद्र. म्हणजे उद्योग काय असतो हे इथल्या माणसाला ठाऊक नव्हते, असे मुळीच नाही.

शेती बहुतांशी पावसावरची. पावसाळ्यात, म्हणजे साधारण नोव्हेंबरपासून पुढे, भात. मग मका, भुईमूग, मिरची. अधूनमधून ताडाची झाडे. त्यांची नीरा आणि ताडी यांसाठी तुबान सगळ्या जावात ओळखले जाते. मुसलमान वस्ती, जावात इस्लाम रुजवणाऱ्या नऊ संतांपैकी सुनान बोनांग यांची कबर जिल्ह्याच्या गावी, आणि तरीही संध्याकाळी बांबूच्या पेल्यातून ताडी घेणारी मंडळी दिसतात. धर्म आणि सवय यांचा असा शेजार आपल्याकडे नवा नाही.

घराचे छप्पर लाल कौलारू, पुढे झाडलेले अंगण, मागे गोठा. दूध हा जावातल्या खेड्याचा खाद्यप्रकारच नव्हे. गाय-बैल पाळायचे ते साठवण म्हणून. मुलाची फी भरायची, लग्न काढायचे, दवाखान्याची वेळ आली, की एक जनावर बाजारात जाते. ज्याच्याकडे स्वतःची गाय नाही तो दुसऱ्याची गाय सांभाळतो आणि वासरांत किंवा विक्रीच्या नफ्यात वाटा घेतो. या पद्धतीला 'गादुह' म्हणतात. जमिनीचेही तसेच. 'मारो' म्हणजे अर्ध्या वाट्याने कसायला घेतलेले शेत, आपल्या बटईसारखे. कापणीला येणाऱ्या मजुरांना धान्याचा ठरलेला हिस्सा, तो 'बावोन'. वैरण बांधावरची, मक्याचा कडबा शेतातला. शेत एकाच्या नावावर असले तरी त्यावर चार-पाच घरांचे हात आणि तोंडे अवलंबून असत.

बायकांची भिशी म्हणजे 'अरिसान'. महिन्याला ठरलेली रक्कम, चिठ्ठी, चहा आणि गावभरच्या बातम्या. लग्नकार्यात शेजारणी दोन-तीन दिवस स्वयंपाकाला येतात; त्याची फेड पैशाने करायची नसते, त्यांच्या घरी कार्य निघाले की आपण जायचे. जावातल्या बाजाराचा आठवडा सात दिवसांच्या जोडीला पाच दिवसांचाही असतो: लगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन. कोणत्या वारी कुठला बाजार भरतो हे पोरांनाही पाठ.

या सगळ्यात जमिनीची कामे किती होती ते मोजून पाहावे. ती धान्य देई, वैरण देई, घरातल्या प्रत्येकाला वर्षातले काही महिने काम देई. पट्ट्याचा कागद बँकेत ठेवला की कर्ज देई, लग्न जुळवताना पत देई आणि म्हातारपणी आईबापांना मुलांसमोर थोडा आवाज देई. चौरस मीटरचा भाव काढताना यातले एकच काम मोजले जाते.

विक्री झाली कशी

पेर्तामिना ही इंडोनेशियाची सरकारी तेल कंपनी आणि रशियाची रोसनेफ्त यांनी तुबानमध्ये दिवसाला 3 लाख पिंपे क्षमतेचा शुद्धीकरण प्रकल्प ठरवला. संयुक्त कंपनी 2017 मध्ये निघाली, पेर्तामिनाचा वाटा 55 टक्के, रोसनेफ्तचा 45. जागा लागणार होती 800 हेक्टरांहून अधिक. त्यात वनखात्याची जमीन होती आणि गावकऱ्यांचीही.

गाव आपणहून विकायला निघाले, असे चित्रफीत पाहून वाटते. तसे नव्हते. पूर्व जावाच्या राज्यपालांनी 2019 च्या आरंभी प्रकल्पाची जागा निश्चित करणारा आदेश काढला, तेव्हा गावकऱ्यांनी सुराबायाच्या प्रशासकीय न्यायालयात दावा लावला आणि तिथे ते जिंकलेही. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी तो निकाल फिरवला. पुढची वाट 2012 च्या भूसंपादन कायद्याने आखून दिलेली. मोजणी, स्वतंत्र मूल्यांकनकाराचा अहवाल, मग 'मुश्यावराह', म्हणजे खातेदारांशी विचारविनिमय. रक्कम अमान्य असेल तर कामकाजाच्या चौदा दिवसांत जिल्हा न्यायालयात जायचे. तिथेही हरलात किंवा पैसे घ्यायला नकार दिलात, तर मोबदला न्यायालयात जमा होतो आणि जमीन जातेच. तुबानमध्येही काहींचे पैसे असे न्यायालयात ठेवले गेले, आणि नंतर हळूहळू बहुतेकांनी ते उचलले. म्हणून 'विकली' हे क्रियापद या व्यवहाराला जरा सैलच बसते.

आता खरी मेख. याच कायद्यात मोबदल्याची रूपे एकाहून अधिक सांगितली आहेत: रोकड, बदली जमीन, पुनर्वसन, भागभांडवलातला हिस्सा, किंवा दोघांना मान्य असे दुसरे काही. कागदावर पाच, व्यवहारात एक. अधिकाऱ्याला फाइल मिटवायची असते, कंपनीला वेळापत्रक गाठायचे असते, आणि शेतकऱ्यालाही बदली जमीन कुठली मिळेल याचा भरवसा नसल्याने हातातला धनादेश बरा वाटतो. तिघांचीही सोय रोकडीत आहे. म्हणूनच उरलेली चार रूपे ज्याला पटवून सांगायची गरज होती, त्याच्यासमोर ती गांभीर्याने मांडली गेलीच नाहीत.

नवी मुंबईची जमीन गेली तेव्हाचा आपला अनुभव इथे आठवतो. 1984 च्या जासईच्या आंदोलनात पाच जणांचे प्राण गेले आणि नंतर साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. तिच्यातही दलाल घुसले, भूखंड हातोहात विकले गेले, हे खरे. पण शहर वाढल्यावर जमिनीचा भाव चढतो, त्या चढीत मूळ मालकाचा थोडा तरी पाय राहावा, ही कल्पना त्या योजनेत होती. सुमुरगेनेंगच्या कुटुंबांचा संबंध पैसे खात्यात पडले त्या दिवशी संपला.

मोटारींचा हिशेब

दर चौरस मीटरला 6 ते 8 लाख रुपिया म्हणजे गुंठ्याला 6 ते 8 कोटी रुपिया. तेव्हा आपला एक रुपया साधारण 190 रुपिया होता, म्हणजे आपल्या पैशात गुंठ्याला तीन ते सव्वाचार लाख, एकराला सव्वा ते पावणेदोन कोटी. पावसावरच्या मक्याच्या शेताला हा भाव कोणताही मूल्यांकनकार कमी म्हणणार नाही.

एक हेक्टर दिलेल्याला 6 ते 8 अब्ज रुपिया मिळाले. इनोव्हाच्या वर्गातली मोटार तेव्हा साधारण 35 ते 45 कोटी रुपियांना येई. म्हणजे मिळालेल्या पैशातला पंधरावा-विसावा भाग. खेड्यात आयुष्यभर स्कूटरवर बायको, दोन मुले आणि मिरचीचे पोते नेलेल्या माणसाने एवढी चैन केली तर त्यावर प्रवचन झोडण्याचे कारण मला दिसत नाही. चालवायला न शिकताच काहींनी गाड्या घेतल्या, असेही तेव्हाच्या बातम्यांत होते. असेनात.

सात अब्ज रुपिया बँकेच्या मुदत ठेवीत टाकले, साडेतीन टक्के व्याज धरले आणि इंडोनेशियात व्याजावर कापला जाणारा 20 टक्के कर वजा केला, तरी महिन्याला दीड कोटीहून अधिक रुपिया हातात पडतात. तुबानचे किमान वेतन तेव्हा महिना 25 लाखांच्या आसपास होते. म्हणजे सहा कामगारांचा पगार घरबसल्या. (ठेवविम्याचे संरक्षण एका बँकेत एका माणसाला 2 अब्जांपर्यंतच असते, तेव्हा पैसे चार बँकांत वाटून ठेवावे लागतात, हे सांगणारा कोणी गावात होता का, कोण जाणे.) मोठ्या खातेदाराला मोटारीने बुडवले नाही आणि बुडवूही शकत नाही.

हिशेब फिरतो तो लहान खातेदारापाशी. जावातल्या बहुतेक शेतकऱ्यांकडे अर्धा हेक्टरही नसतो. समजा, पंधरा गुंठे गेले. मिळाले एक अब्ज रुपिया. शेत वडिलांच्या नावावर, भावंडे चार. वाटणी झाल्यावर प्रत्येकाच्या हातात 25 कोटी, म्हणजे इनोव्हासुद्धा येत नाही. घराची डागडुजी, एक दुचाकी, थोडी उधारी फेडली की रक्कम संपली, आणि मक्याचे शेतही नाही. मोर्चातली गाऱ्हाणी अशाच घरांतून येणार हे उघड आहे. मोटारींच्या रांगेत मात्र हे घर दिसत नाही, कारण त्याने मोटार घेतलेलीच नाही.

गावप्रमुखाच्या सांगण्यानुसार पैसा गेला तो मोटारी, पुन्हा जमीन आणि घरबांधणी यांत. धंद्यात भांडवल घालणारे थोडे. पुन्हा जमीन घेणे हे शहाणपणाचेच होते. पण शेकडो कुटुंबे रोकड घेऊन एकाच वेळी शेजारच्या गावांत शेत शोधू लागली, की तिथला भाव काय होईल? जेवढे गेले तेवढे त्याच पैशात परत मिळणे अवघड. त्यात कायद्याची अडचण वेगळीच: 1961 पासूनच्या नियमानुसार शेतजमिनीच्या मालकाने त्याच किंवा लगतच्या तालुक्यात राहायला हवे. स्वस्त शेत शोधत दूर गेलात तर हा नियम आडवा येतो. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेऊ न देणारे आपले कलम आणि हा नियम यांचा हेतू सारखाच, पळवाटाही सारख्याच.

ज्यांना धनादेश मिळालाच नाही

840 मधून 225 वजा करा. सहाशेहून अधिक कुटुंबे उरतात. त्यांतल्या काहींची जमीन प्रकल्पाच्या हद्दीबाहेर असेल, काहींकडे जमीन नव्हतीच. 'मारो'ने कसणारा, 'बावोन'वर कापणीला जाणारी बाई, दुसऱ्याची गाय सांभाळणारा म्हातारा यांचे मूल्यांकन कोणी केले नाही, कारण त्यांच्या नावाचा कागद नव्हता. कायदा मोबदला देतो तो जमिनीवर हक्क दाखवू शकणाऱ्याला. कामावर हक्क असतो, तो कुठल्या रकान्यात लिहायचा?

वैरण गेली की जनावर सांभाळणे महाग पडते. मोर्चाच्या वेळी साठीच्या एका शेतकऱ्याने सांगितले होते की सहा गुरे होती, तीन विकली, तीन राहिली. हे वाचून लोकांनी उधळपट्टीचा अर्थ काढला. मला त्यात गोठ्याचा चारा तुटलेला दिसतो: शेत नसताना सहा जनावरे खाऊ घालायची कशाने?

नोकरीची मागणी या दृष्टीने पाहिली तर तिच्यात लाचारी नाही. शेत गेल्यावर कारखान्यात कामे मिळतील, हा या सगळ्या सौद्यामागचा न लिहिलेला करार होता. भूमापन चालू असताना तो सगळ्यांच्या तोंडी होता, कागदावर मात्र आला नाही. शिवाय बांधकामच सुरू झाले नाही, तर सुरक्षारक्षकाच्या जागा तरी किती निघणार? मोर्च्यानंतर महिनाभरात युक्रेनचे युद्ध पेटले, रशियावर निर्बंध आले आणि रोसनेफ्त बरोबरच्या प्रकल्पाची गती आणखी मंदावली. अंतिम गुंतवणुकीचा निर्णय 2024 संपेपर्यंतही झाला नव्हता. जमीन सपाट करून कुंपणाआड गेली, कारखाना कागदावरच.

आता तिथे जमिनीत पैसे घालावेत का?

हा प्रश्न इंडोनेशियात राहणाऱ्या मराठी मंडळींकडूनही येतो, कारण 'रिफायनरीजवळची जागा' हे शब्द कोकणातल्या माणसाला नाणार-बारसूपासून पुरते ओळखीचे आहेत. तर सरळ सांगतो.

परदेशी नागरिकाला तिथे पूर्ण मालकी, म्हणजे 'हाक मिलिक', मिळत नाही. 1960 च्या मूळ कृषिभूमी कायद्याने ती फक्त इंडोनेशियन नागरिकांसाठी ठेवली आहे. परदेशी रहिवाशाला वापराचा मुदतीचा हक्क मिळू शकतो, शेताचा नव्हे. स्थानिक मित्राच्या नावावर जमीन घेऊन आपल्यात खासगी करारनामा करण्याचा जो मार्ग दलाल सुचवतात, तो कायद्याने रद्दबातल आहे. भांडण झाले तर न्यायालयात उभे राहायला जागा नाही.

नागरिक असाल, तर पहिली गोष्ट कागद. खेड्यात अजून बऱ्याच जमिनींना भूमी कार्यालयाचे प्रमाणपत्र नसते. गावातल्या करनोंदीच्या वहीतला उतारा, 'गिरिक' किंवा 'लेटर सी', एवढ्यावर पिढ्यान्‌पिढ्या व्यवहार झालेले. सातबाऱ्याप्रमाणेच ती मुळात महसुलाची नोंद आहे, मालकीचा निर्णायक पुरावा नाही. फेब्रुवारी 2021 च्या शासकीय नियमावलीने असे जुने कागद नोंदवून घ्यायला पाच वर्षांची मुदत दिली. त्यानंतर ते हक्काचा पुरावा म्हणून चालत नाहीत, फार तर माग काढायला उपयोगी. म्हणून गिरिकवर स्वस्तात मिळणारे शेत स्वस्त नसते. वारसांच्या सह्या, मोजणी, शेजाऱ्यांची संमती हे सगळे घेणाऱ्याच्या माथी येते. त्यावर घेणाऱ्याचा 5 टक्के हस्तांतर कर आणि विकणाऱ्याचा अडीच टक्के आयकर, जो वाटाघाटीत बहुधा घेणाऱ्याकडेच सरकतो.

दुसरी गोष्ट भाव. संपादनात मिळालेला 6-8 लाखांचा दर आजूबाजूच्या प्रत्येक शेतकऱ्याच्या डोक्यात बसला आहे. पण तो दर एका ग्राहकाने, एका कामासाठी, एकदाच दिलेला. कुंपणाबाहेरच्या शेताला तो देणारा दुसरा ग्राहक कारखाना उभा राहिल्याशिवाय येत नाही. कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या बांधण्याचा विचार अनेकांच्या मनात असतो. त्या भरतील तेव्हा बांधकाम सुरू झालेले हवे आणि कामगार बाहेरगावचे हवेत. मोर्चाची मागणी बरोबर उलटी होती, की कामगार गावातलेच घ्या. आणि भातखाचर संरक्षित शेतजमिनीच्या यादीत असेल तर त्यावर घर बांधायची परवानगी मिळणेच कठीण.

म्हणून जेनूमध्ये कोणी मला प्लॉट दाखवला, तर मी आतल्या गावातली, प्रकल्पाच्या कुंपणाला लागलेली जागा सोडून किनारी महामार्गालगतची, प्रमाणपत्र असलेली छोटी जागा बघेन. तिथे वीजकेंद्र, सिमेंटची वाहतूक आणि ट्रकवाल्यांचे वारुंग, म्हणजे छोट्या खाण्याच्या टपऱ्या, आजही आहेत. टायरचे दुकान, खानावळ किंवा गोदाम यांना गिऱ्हाईक मिळायला रशियातल्या कुठल्या बैठकीची वाट पाहावी लागत नाही. आतली जागा घ्यायची असेल तर शेताच्या भावाने घ्यावी, त्यात मका लावावा आणि रिफायनरी आली तर आली.